संत्र्याच्या खोडाला ठिगळ

...अहो, तार मीच बांधली होती, मी कुठं नाही म्हणतोय? पण आठ वर्षांपूर्वी! शिंप्याचं घर, कापड पाण्यातून काढल्याशिवाय बेतायचं नाही, मग ते वाळणार कुठं? अंगणात बायकोनं लावलेलं संत्र्याचं झाड होतं, मनगटाएवढं, दिली तार गुंडाळून. पुढं झाड जाड झालं, तार सालीत रुतली, मी विसरलो. मला काय ठाऊक हो, खोडात एवढं सगळं असतं!

यंदा पानं पिवळी पडायला लागली. बायकोनं निकालच देऊन टाकला, "शेजारीण मुळांत साबणाचं पाणी सोडते!" झालं! वीस वर्षांची मैत्री, दोन महिने अबोला. भिंतीच्या दोन्ही अंगांना भांडी अशी आपटायची, की इकडे माझी टीप वाकडी!

मग धाकटी बहीण आली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणजे घरीही शिकवतेच. खोडावर हात फिरवला तिनं. तारेच्या वर फुगवटा, खाली बारीक. "दादा, खोडात काय असतं?" म्हटलं, "लाकूड." "चूक!" तुम्हाला सांगतो, पन्नाशी उलटलेला माणूस मी, अंगणात उभा, आणि चूक! माझ्याच ब्लेडनं फांदीचा आडवा काप घेतला, कागदासारखा. "ही साल. तिच्या आतून पानांनी केलेलं अन्न खाली मुळांना जातं. मग हा ओला थर, याच्यामुळं झाड जाड होतं. मग लाकूड, त्यातून पाणी वर चढतं. मधे भेंड." म्हटलं, "म्हणजे कापड, अस्तर, कॅनव्हास..." "दादा, पाणी चढतंय, पण अन्न उतरत नाहीये! तारेनं गळा आवळलाय. मुळं उपाशी मरतायत!"

हे बोलायचं कधी? तर बायको मागं उभी असताना! मला काय ठाऊक हो, खोडात एवढं सगळं असतं!

बायकोनं पुढं होऊन सालीत रुतलेल्या तारेवरून बोट फिरवलं. मग वळून माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं...

मी बहिणीला विचारलं, "वाचेल का गं?" "ठिगळ लावलं तर." ठिगळ! ते मला येतं! तार पकडीनं तोडून ओढून काढली. त्याच झाडाच्या पाच काड्या, टोकं तिरकी कापलेली, एक टोक जखमेच्या खाली सालीत खोचायचं, दुसरं वर, म्हणजे अन्नाला उतरायला पूल. बहीण डोक्यावर उभी, "उलटी लावू नकोस! ओल्या थराला ओला थर भिडू दे!" अगं, चौकड्याच्या शर्टाला रेघेला रेघ जुळवून खिसा लावतो मी! बारीक खिळे मारले, वर मेण. पण खरं सांगू? नवरदेवाचा कोटही कधी एवढा जपून शिवला नाही!

पाचांतल्या तीन काड्या धरल्या. महिन्याभरानं शेंड्याला कोवळी पानं आली. बायको तडक शेजारणीकडे गेली. काय बोलली कोण जाणे, पण आता दोघी रोज झाडाखाली बसून पोट धरधरून हसतात, आणि मी दारात दिसलो की गप्प...

असो. झाड वाचलं, मैत्री वाचली. मी सोडून सगळे वाचले म्हणायचे!