आवाजाच्या चौकोनातली खूण

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही कशाला मध्ये पडलात?" अहो, भिंतीला भिंत लागून घर! शेजारचे मास्तर दोन दिवस एकटे कॉम्प्युटरशी भांडताहेत, मी काय कानांत बोळे घालून बसू? गेले. मी आपलं सुचवलं हो, दुसरं काय!

तुम्हाला सांगते, मास्तरांचा मुलगा गेला त्याला दोन वर्षं झाली. लांब नोकरीला होता, दर रविवारी स्वतःचा व्हिडिओ काढून पाठवायचा. "आई, दूध उतू गेलं", "आई, मोजा एकच सापडतोय"... असे दोन तास भरतील इतके! वहिनी, म्हणजे त्याची आई, सहा महिने हॉस्पिटलच्या वॉर्डात. गेल्या आठवड्यात मास्तरांना म्हणाल्या, "एकदा त्याला भेटवा हो मला." तिथल्या टीव्हीला जुनं डिस्कचं यंत्र जोडलेलं, म्हणजे डिस्कच करायला हवी. आणि डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलेलं... आठवडा. फार तर दहा दिवस.

मास्तरांनी सगळे व्हिडिओ एकापुढे एक जोडून ठेवले आणि शेवटच्या पानावर अडले. दर्जा कुठला हवा? कमी, मध्यम, उत्तम, सर्वोत्तम! "मध्यम ठेवतो," म्हणाले. मी म्हटलं, "वहिनींची नजर अधू झालीये, आणि पोराचा चेहरा मध्यम?" पटलं बिचाऱ्यांना. दाबलं सर्वोत्तम! लगेच पट्टी लाल. डिस्कवर मावेना... नखाएवढं, अहो नखाएवढं बाहेर! "दोन व्हिडिओ काढून टाकतो." "कुठले दोन?" म्हटलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. बघवतं का? खाली आवाजाचा एक चौकोन होता, त्यात बरोबरची खूण. ती काढली, पट्टी हिरवी! मास्तर चाचरले, "अहो, पण आवाज..." मी म्हटलं, "बघायचंय ना त्यांना? आवाज काय, आईला पाठच असतो!" मी आपलं सुचवलं हो, दुसरं काय!

छत्तीस तास चालला तो कॉम्प्युटर! असा तापला की वर कपडे वाळले असते. डिस्क बाहेर आली आणि पडदा काळा झाला, तो झालाच. दुरुस्तीवाला म्हणतो, "आतलं काही वाचलं नाही, काकू. फोनवर असेलच की!" कुठलं असतंय? फोन भरला म्हणून मास्तरांनी तिथलं केव्हाच पुसलेलं. उरली काय ती एक डिस्क.

वॉर्डात लावली. काय चित्र आलं म्हणता! हनुवटीवरचा तीळसुद्धा स्वच्छ! मास्तर फुलून म्हणाले, "दिसतोय ना गं?" वहिनी टीव्हीच्या जरा डावीकडेच बघत होत्या. नर्स माझ्या कानात म्हणाली, "त्यांना महिनाभर काहीच दिसत नाहीये. ह्यांना सांगू नका, म्हणाल्या होत्या."

आणि वहिनी विचारतात, "लावलंत का? मग बोलत का नाही तो?"

मास्तर खिडकीकडे वळले. मग काय करू? तोंड आहे ना मला देवानं दिलेलं! "अहो, बोलतोय की! निळा शर्ट घातलाय, केस वाढलेत, दूध उतू गेलं म्हणतोय..." तेव्हापासून रोज चार वाजता जाते, डिस्क लावते, दोन तास सांगते. मी आपलं... जाऊ दे.

काल वहिनींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तू जरा गप्प बस गं. त्याला बोलू दे."

बसले गप्प. दोन तास. काही सुचलंच नाही हो.