खिडकीच्या आतल्या बाजूला शांताक्का

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दवाखान्याचे प्रमुख, आदरणीय डॉक्टर कृष्णराज बिराजदार सर. प्रमुख पाहुणे, हायवेवरच्या टाइल्सच्या शोरूमचे मालक बसवराजअण्णा. जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, आदरणीय शांताक्का. दवाखान्यातल्या सिस्टर, मावश्या, कंपाउंडर काका. आणि गुलबर्ग्याहून, कर्नाटकातून जीप करून आलेली अक्कांची माणसं, या सर्वांना माझा नमस्कार.

बघा, सुरुवातीलाच ‘जिच्यासाठी’ आणि ‘त्या’ एकत्र झालं. ‘ज्यांच्यासाठी’ म्हणायला हवं होतं. लिहिलेलं बरोबर आहे, वाचताना चुकलं. मला भाषणाची सवय नाही. शिवाय ‘सत्कारमूर्ती’ म्हटलेलं अक्कांना आवडणार नाही हेही मला माहीत आहे, पण पत्रिकेत तसं छापलंय, म्हणून म्हटलं.

मी शिवानी सुरवसे. या दवाखान्याच्या काचा पुसणारे भागवत सुरवसे, त्यांची मुलगी. पप्पा शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले आहेत. पुढं या म्हटलं तर म्हणाले, ‘इथूनबी दिसतंय.’

माझ्या बोलण्यात पप्पांच्या दारूचा विषय येणार आहे. तो सरळ सांगू की आडून, हे मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, ‘नाव घेऊन सांग. आडून सांगितलं की लोक त्यात आपल्या मनाचं भरतेत.’ म्हणून नाव घेऊन सांगते. माझे वडील दारू प्यायचे. आता पीत नाहीत. मधली जी गोष्ट आहे ती अक्कांची आहे, आणि ती माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही, कारण अक्का सांगणार नाहीत आणि पप्पांना माईक दिला तर ते माईकची जाळी पुसत बसतील.

पप्पा तरुणपणी हैदराबादला मोठमोठ्या इमारतींच्या काचा पुसायचे. कमरेला दोर बांधून वरून खाली सोडायचे त्यांना. लग्न झाल्यावर आजी म्हणाली, आता जमिनीवर काय असेल ते कर. उमरग्यात हायवेला काचेची शोरूम उभी राहायला लागली होती, दवाखाने झाले होते, आणि दिवसभर ट्रकांची धूळ. पप्पांनी शिडी घेतली, बादली घेतली, रबरी वायपर घेतला आणि धंदा सुरू केला. लोक हसले. काच पुसायला माणूस लावायचा, तर उद्या जेवण भरवायला पण लावा म्हणाले. बसवराजअण्णा, हसणाऱ्यांत तुम्ही पण होता असं पप्पा सांगतात. पण पहिलं गिऱ्हाईक पण तुम्हीच झालात.

माझी बालवाडी त्या शोरूममध्ये झाली. आई पप्पांच्या हाताखाली काम करायची, आतल्या बाजूच्या काचा पुसायची, आणि मी तिच्या पायाशी. पप्पा बाहेरून काचेला साबण लावायचे आणि त्या फेसात बोटानं अक्षर काढायचे. मला आतून सुलट दिसावं म्हणून ते उलटं काढायचे. पण मी बाहेर येऊन, पप्पांच्या शेजारून, ते काढायचे तसंच काढायला शिकले, त्यामुळं शाळेत गेल्यावर माझा ‘क’ उलटा निघायचा आणि बाईंना वाटायचं, या पोरीच्या डोळ्यात काही दोष आहे. दोष नव्हता. मी काचेच्या दुसऱ्या बाजूनं शिकले होते, एवढंच.

अध्यक्ष महोदय, मी विषय सोडलेला नाही. हे अक्षरांचं शेवटी लागणार आहे.

मग दारू आली. कशी आली ते मला विचारू नका, मला तेव्हा कळत नव्हतं आणि आता पप्पांना सांगता येत नाही. सकाळी हात थरथरतो म्हणून थोडी, मग शिडीवर भीती वाटते म्हणून थोडी. एके दिवशी अण्णांच्या शोरूमची दर्शनी काच शिडीसकट खाली आली. माणूस वाचला, धंदा गेला. उमरग्यात बातमी जायला वेळ लागत नाही. एकेक गिऱ्हाईक तुटत गेलं. शिडी विकली. बादलीत आई पाणी भरून ठेवायला लागली.

सोलापूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात पप्पा राहून आले. आले ते बरे होऊन आले, पण ते बरे झालेत हे गावाला कुणी सांगायचं? ते प्रत्येक दुकानात जाऊन उभे राहायचे. कुणी वाईट बोललं नाही. ‘बघू’ म्हणायचे. ‘बघू’ हा शब्द आमच्या घरी अजूनही कुणी वापरत नाही.

अक्कांनी ‘बघू’ म्हटलं नाही. त्या तेव्हाही ड्रेसिंग रूमच्या सिस्टर होत्या. शिडीवरून पडल्यावर पप्पांना पट्टी बांधताना ओळख झालेली. डॉक्टरांना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण पप्पांना म्हणाल्या, ‘ये उद्यापासून. माझ्या ड्रेसिंग रूमच्या खिडकीपासून सुरू कर. पण आधी हाऽ करायचा.’

आता हे ‘हाऽ’ म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या कामात काचेवर तेलकट डाग कुठं आहे ते कळायला काचेजवळ तोंड नेऊन वाफ सोडतात. डाग असेल तिथं वाफ वेगळी धरते. कुणीही काच पुसणारा हे करतो. अक्कांनी त्यातच आपली परीक्षा बसवली. पप्पा बाहेरून काचेवर हाऽ करणार, त्याच वेळी अक्का आतून सरकती काच बोटभर उघडणार, आणि वास घेणार. वास नसला की म्हणायच्या, ‘हां, चालू दे.’

मला यातली खुबी मोठी झाल्यावर कळली. कंपाउंडमधून पेशंट जात होते, नातेवाईक जात होते, रिक्षावाले उभे होते. त्यांना काय दिसत होतं? एक माणूस काचेवर वाफ सोडतोय. काच पुसणारा दुसरं काय करणार? रोज सकाळी माझ्या वडिलांच्या तोंडाचा वास घेतला जातो, हे उमरग्यात एकाही माणसाला कळलं नाही. उन्हाळ्यात काच तापली की तिच्यावर वाफ धरतच नाही. तरी पप्पा हाऽ करायचे, आणि काच उघडायची.

आता एक वाईट दिवस सांगते. अक्का, तुम्ही मान हलवताय, पण हे सांगायलाच मी उभी राहिलेय.

एका सकाळी अक्कांनी काच उघडली आणि त्यांना वास आला. दारूसारखा. त्यांनी आवाज केला नाही. हळू म्हणाल्या, ‘आज नको, भागवत. घरी जा.’ आणि काच लावून घेतली.

पप्पा प्यायलेले नव्हते. त्यांनी तसं सांगितलंही नाही. प्यायलेला नसताना ‘नाही’ म्हणायची सोय माणसानं आधी खोटं बोलून घालवलेली असते, असं ते नंतर म्हणाले. बादली उचलली आणि निघाले. ते घरी आले तेव्हा बराच वेळ गेला होता. आईनं त्यांच्याकडं बघितलं, मी बघितलं. ते ओट्यावर बसले. चपला काढल्या नाहीत.

दुपारी अक्कांनी डबा उघडला. भाकरीचा घास तोंडाजवळ नेला आणि तो तसाच डब्यात ठेवला. त्यांच्या बोटांना स्पिरिटचा वास येत होता. सकाळी ड्रेसिंग रूममध्ये बाटली कलंडली होती, सांडलेलं पुसून घेतलं, पण वास हाताला राहिला. त्याच हातानं त्यांनी काच सरकवली होती.

कितीतरी काचवाले पाण्यात स्पिरिट घालतात, काच लखलखते. पप्पा घालत नाहीत, का ते सांगायला नको. ज्या माणसानं बादलीतून स्पिरिट घालवलं, त्याच्यावर ते ड्रेसिंग रूममधून येऊन पडलं.

अक्का डबा तसाच टाकून आमच्या गल्लीत आल्या. पांढऱ्या साडीत, दवाखान्यातल्या चपलांवर, भर उन्हात. सगळी गल्ली बाहेर आली, कारण सिस्टर घरी आली म्हणजे कुणीतरी गेलं असणार. एरवी पप्पांना अरे-तुरे करणाऱ्या अक्का ओट्यासमोर उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘भागवतअण्णा, वास माझ्या हाताला होता. चूक माझी. पाठवताना मी तुम्हाला कुणाला न कळता पाठवलं. न्यायला सगळ्यांदेखत आलेय. चला.’

पप्पा उठले नाहीत. खाली बघून म्हणाले, ‘दारूच्या दुकानासमोर उभा होतो, अक्का. मघापर्यंत तिथंच होतो.’

अक्का म्हणाल्या, ‘मग?’

‘घेतली असती तर तुमचं खरं झालं असतं. म्हणून घेतली न्हाय.’

अक्का त्यांच्याशेजारी ओट्यावर बसल्या. आईनं ताट वाढलं. अक्का आमच्या घरी पहिल्यांदा जेवल्या त्या तेव्हा. आई वाढतच होती आणि अक्का ताटावर हात आडवा धरून म्हणत होत्या, ‘साकु, साकु.’ आईला वाटलं भाजीत काही पडलं. मग कळलं, कानडीत ‘साकु’ म्हणजे पुरे. तेव्हापासून आमच्या घरी पुरे कुणी म्हणत नाही, साकु म्हणतात. पण आई थांबत नाही ती नाहीच.

दुसऱ्या दिवसापासून अक्का काच उघडण्याआधी साबणानं हात धुवायच्या. आणि पप्पा बाहेरून म्हणायचे, ‘अक्का, आधी तुमचा हात दाखवा, मग माझा हाऽ.’

त्यानंतरचं तुम्हाला दिसतंच आहे. अक्कांच्या खिडकीपासून सगळा दवाखाना, मग समोरचा दवाखाना. मग एक दिवस बसवराजअण्णा स्वतः आले आणि म्हणाले, भागवत, ती काच तू फोडलीस, आता पुसायला दुसऱ्याला कशाला सांगू? अण्णा, तुमच्या त्या बोलण्यावर पप्पांनी नवी शिडी घेतली. आता लोहाऱ्यापर्यंत कामं आहेत. फोन मी घेते, आतल्या काचा आई आणि मी पुसतो.

पण अक्का निवृत्त होऊन गुलबर्ग्याला भावाकडं जाणार हे कळलं, तेव्हापासून मला एकच प्रश्न छळतोय. सोमवारी खिडकीच्या आत कोण असेल? मी काळजी करणारी आहे, हे घरचे सगळे सांगतील. गॅस बंद केला का, हे मी बसस्टँडवरून परत येऊन बघते. मग हे कसं सोडणार? म्हणून मागच्या आठवड्यात मी अक्कांकडं गेले आणि विचारलं, तुमच्यानंतर वास मी घेऊ का?

अक्का म्हणाल्या, ‘तू लेक हायस. लेकीनं बापाचा वास घ्यायचा न्हाय. आणि शिवानी, मला तरी कुठं येतोय वास? कोरोनात गेला तो गेला. परत आलाच न्हाय.’

मी विचारलं, मग इतकी वर्षं काच उघडून काय करत होता?

म्हणाल्या, ‘हां, चालू दे, म्हणत होते.’

हे भाषणात सांगू का, असंही मी विचारून घेतलं. म्हणाल्या, ‘सांग की. आता काय मला नोकरीवरून काढतेत?’

मी घरी जाऊन भीत भीत पप्पांना सांगितलं. आणि अक्का, पुढचं तुम्हालाही माहीत नाही. पप्पा हसले. म्हणाले, ‘मला ठावं हाय.’ एकदा ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात शेगडीवर दूध करपलं होतं. सिस्टर पोरी नाकाला पदर लावून धावल्या आणि अक्का शेजारीच उभ्या, पट्ट्या गुंडाळत. पप्पांनी ते खिडकीतून पाहिलं होतं. त्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं.

मी म्हटलं, मग रोज हाऽ कशाला करत होता?

म्हणाले, ‘त्या रोज यायच्या की खिडकीत.’

आणि सोमवारचं काय, विचारलं तर म्हणाले, ‘काच असंलच की. मी हाऽ करीन.’

मला हे उत्तर पुरलं का? खरं सांगायचं तर नाही. मी सोमवारी बहुतेक त्यांच्या मागून जाईन आणि गेटाशी उभी राहीन. पण आत जाणार नाही, एवढं अक्कांना कबूल करते.

आता आज सकाळचं सांगते आणि थांबते. पप्पा नेहमीप्रमाणं खिडकीशी गेले. मी आतून शेजारची काच करत होते. हाऽ झाला. काच उघडली, ‘हां, चालू दे’ झालं, काच लागली. आतल्या बाजूला मी आधीच साबण लावून ठेवला होता. अक्कांनी त्या फेसात बोट घातलं आणि काहीतरी लिहायला लागल्या. लिहायच्या, पुसायच्या, पुन्हा लिहायच्या. मी जवळ जाऊन पाहिलं तर वेडंवाकडं, वाचता येईना. मग कळलं, त्या उलटं काढतायत. बाहेरच्याला सुलट दिसावं म्हणून. पप्पांच्या उलट्या अक्षरांची गोष्ट मीच कधीतरी त्यांना सांगितलेली. आणि मराठी अक्षरांत त्यांनी कानडी शब्द लिहिला होता: साकु.

बाहेरून पप्पांनी वाचलं. बराच वेळ वाचलं, दोनच अक्षरं होती. मग वायपर खांद्यावर टाकला आणि पुढच्या खिडकीकडं गेले.

तेव्हा अध्यक्ष महोदय, बोलण्याच्या ओघात लहान तोंडी काही जास्त बोलले असेन, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते पोटात घाला. मला वेळ दिलात, माझ्या वडिलांना काम दिलंत, सगळ्यांची मी ऋणी आहे. अक्का, तुमची तर फार. आणि एका गोष्टीची क्षमा आमच्या धंद्याच्या वतीनं मागायची आहे. ड्रेसिंग रूमची एक काच आज पुसलेली नाही. साबण तसाच वाळलाय. तक्रार असेल तर शेवटच्या रांगेत माणूस बसला आहे, त्यांना सांगा. मी सांगून बघितलं, ते ऐकत नाहीत.

नमस्कार.