उकिरड्यावरची बाभूळ

भुजंग – शंभरातल्या ऐंशी, कौसल्या. दोनदा मोजल्या. ओल्या गोणपाटात पाच दिवस ठिवल्या अन् ऐंशी बियांना मोड. मी स्वतः बाभळीखालून शंभर वेचून आणल्त्या, त्यातल्या चार उगवल्या होत्या. सांग आता, ही पुडी कुठून आणली? वनखात्याच्या रोपवाटिकेतून?

कौसल्या – सांगते ना दादा, पण सगळं ऐकून घ्यायचं, मधीच उठायचं न्हाई. रायभान, तू हसू नको रे.

रायभान – मी कुठं हसून राह्यलो? मी खड्डा खोदून राह्यलो.

कौसल्या – तर मंगळवारी मी बायनाबाईच्या घरी गेल्ते, तिच्या सुनेच्या ब्लाऊजचं माप घ्यायला...

भुजंग – कोणती बायनाबाई? कोंडवाडावाली?

कौसल्या – शेळ्यावाली, दादा. कोंडवाड्यात तर तुम्ही नेल्त्या तिच्या शेळ्या.

भुजंग – तारेखालून घुसल्या होत्या. आपल्या झाडं लावायच्या मंडळानं इथं लावलेली कडुलिंबाची साठ रोपं एका दुपारी खाल्ली.

कौसल्या – खाल्ली. ती पण म्हणती, खाल्ली म्हणून. ऐका तर. म्हातारी गोठा झाडून राह्यलती अन् सुपात काळ्या काळ्या बिया, एकदम साफ, जशा कोणी चाळणीनं चाळल्या. मी इचारलं हे काय, तर म्हणली, उन्हाळ्यात शेळ्या मंठा रोडला जाऊन बाभळीच्या शेंगा खातात, मंग बसून रवंथ करतात, गर गिळतात अन् बी थुंकून टाकतात, सकाळी झाडलं की वंजळभर निघतं. टाकता कुठं म्हणलं, तर उकिरड्यावर. अन् दादा, त्या उकिरड्याभोवती काय बाभळी माजल्यात, न्हाई कोणी पाणी घातलं, न्हाई कोणी तार मारली. मी वंजळभर मागून घेतलं, कागदात बांधलं अन् तुम्हाला दिलं. कुठलं हाय ते सांगायची हिंमत झाली न्हाई.

भुजंग – शेळीच्या तोंडातलं बी.

रायभान – तिच्या पोटातोंडात टरफल नरम पडतं, दादा. कोरडं बी कडक असतं, त्यात पाणी शिरत न्हाई. आमच्यात शेंबड्या पोराला ठाऊक हाय.

भुजंग – तुला ठाऊक होतं? दोन पावसाळे तू दर रविवारी माझ्यासंग इथं टाकीमागं खोदून राह्यला, अन् बोलला न्हाईस?

रायभान – बायना माझी सख्खी आत्या. शेळ्या सोडवायला मीच गेल्तो. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांदेखत म्हणल्ता, शेळी अन् झाड एका जागी ऱ्हात न्हाई. मंग मी काय बोलावं?

(भुजंग गोणपाटाची घडी घालतो, उलगडतो, पुन्हा घालतो.)

भुजंग – अख्ख्या मराठवाड्याला आमच्या एमआयडीसीतून बियाणं जातं. ते उगवतं का न्हाई ते मी तपासतो.

रायभान – कपाशीचं.

भुजंग – हां. कपाशीचं.

कौसल्या – पण आता वेळ हाय, दादा. पालिकेनं सत्त्याण्णवात ही जागा झाडांसाठी दिली, तीन पावसाळ्यांच्या मुदतीनं, दोन गेले. या दिवाळीला हातभर हिरवं दिसलं न्हाई तर इथं दुकानांचे गाळे उठणार, अन् तुम्ही ज्या निलगिरीवाल्यांशी भांडलात, इथलीच झाडं लावणार म्हणून, ते हसणार ते येगळंच. शेंगा अजून पडून राह्यल्यात. मिरगाच्या आत पायलीभर बी जमतंय बराबर.

भुजंग – मंग म्हण तिला, काय पाहिजे ते घे.

कौसल्या – म्हणले मी. तिला काही नको. झाडं मोठी झाली की खाली पडतील त्या शेंगा तिच्या शेळ्यांच्या, एवढंच.

भुजंग – कबूल. बाभूळ डोक्याच्या वर गेली की तार काढू. अजून काय?

कौसल्या – अजून... रायभान, तू सांग.

रायभान – मी न्हाई. तू गेल्ती ब्लाऊज मोजायला.

कौसल्या – ती म्हणती, ज्यानं माझ्या शेळ्या कोंडल्या, त्यानं रोज सकाळी येऊन गोठा झाडावा अन् आपल्या हातानं बी वेचून न्यावं. दुसरं कोणी आलं तर मी उकिरड्यावर टाकीन. मी लई समजावलं दादा, की तुम्ही कंपनीत पांढरा कोट घालून खुर्चीवर बसता, मी झाडते तुमच्या बदली, रायभान झाडंल. तर म्हणली, कोट घरी ठिवून ये म्हणावं.

भुजंग – तवा लिंबं खाल्ली म्हणून मला राग आल्ता. कोंडवाड्यात दिवसभर उन्हात उभ्या होत्या का शेळ्या?

रायभान – दिवसभर. करडं घरी वरडून राह्यलती.

भुजंग – किती शेळ्या हायत?

रायभान – बावीस. लेंड्या पण तेवढ्यांच्या.

भुजंग – झाडती कधी?

रायभान – सहाला. धार काढली की.

भुजंग – माझी ड्यूटी आठची. सायकलनं जमंल.

कौसल्या – म्हंजे तुम्ही जाणार?

भुजंग – खराटा तिच्याकडं एकच असंल. मी घरून घिऊन जातो.

रायभान – नका नेऊ. आत्यानं कालच दुसरा बांधून ठिवलाय.