बंपरला फळ्याचा रंग

नाही, दोष माझाच आहे, मी कुठे नाकारते आहे? आमच्या एकोणीस वर्षांच्या गाडीचे बंपर, आरशांची टोपणे, दारांवरच्या पट्ट्या, असे उन्हाने पांढरे पडलेले सगळे प्लास्टिक मी स्वतःच्या हाताने काळे केले. पण तुम्हाला सांगते, शाळेत चौतीस वर्षे माझ्या फळ्याचा रंग कोणाच्या हाताला लागला नाही.

आता ती गाडी राखायची कशासाठी, हे आधी ऐका. आमचे हे, महादेवप्पा, यांना मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. लातूरचे डॉक्टर झाले, नांदेडचे झाले... काही नाही. मात्र संध्याकाळी साडेपाचला यांना धरून अंगणातल्या गाडीत चालकाच्या आसनावर बसवले आणि शेजारी मी बसले, की हे स्वच्छ म्हणतात, "चल." तो एकच शब्द, पलंगावर नाही, खुर्चीवर नाही, गाडीतच. आणि आमचे चिरंजीव राजशेखर म्हणतात, "आई, भंगारात देऊ. बंपर बघ की, इभूत लावल्यावानी दिसायलंय. लोक हसायलेत."

मी म्हटले, गाडी चारचौघांत नेऊ. लोक हसले तर दे, न हसले तर पुन्हा विषय काढायचा नाही. "ठरलं," म्हणाला. म्हणजे अटही माझीच.

गाड्या धुण्याचे दुकान चालवणारा लिंबाजी, माझाच विद्यार्थी, म्हणाला, "बाई, म्या करतो की. मशीननं गरम हवा मारली की प्लास्टिकमधलं तेल वर येतंय, काळं हून जातंय." ज्याला मी सातवीत दोनदा बसवले, त्याने मला काळ्या रंगाविषयी सांगावे? लोहा गावच्या शाळेत दर जूनला विजेरीचे जुने सेल फोडून, आतली काळी पूड घेवड्याच्या पाल्याच्या रसात कालवून फळा मी रंगवत असे, आणि चौतीस वर्षे... सांगितलेच तुम्हाला. तर बारा सेल फोडले, पाला वाटला, दोन हात दिले, आणि गाडी अशी उजळली, म्हणजे काळवंडली, की राजशेखरसुद्धा भोवती दोनदा फिरून पाहून गेला.

दुसऱ्याच दिवशी मुरुडहून निरोप आला: यांच्या थोरल्या बहीण शांतम्मा गेल्या. यांना नेणे भागच होते. वैशाखाचे ऊन, राजशेखरने गाडी त्यांच्या दारासमोरच्या लिंबाखाली उभी केली, कारण सावली तेवढीच, पांढरे सदरे, पांढरी धोतरे, घामेजलेले हात, आणि सावलीत उभा राहिलेला माणूस कशाला तरी टेकतोच, नाही का? कोणी बंपरला टेकला, कोणी दाराला, कोणी आरसा धरून उभा. मी आत बायकांत. शांतम्मांना आमच्या रीतीप्रमाणे बसवून विभूती लावली होती, पांढरे वस्त्र पांघरले होते, आणि त्यांचा थोरला मुलगा गुरुलिंग आत आला, आईच्या खांद्याला धरून रडला. हात काढला तेव्हा त्या वस्त्रावर पाच काळी बोटे. मी बाहेर पाहिले, तर सगळे भावबंद पाठीमागून काळे.

कोणी हसले नाही हो. हसले असते तर बरे झाले असते. शांतम्मा ती पाच बोटे खांद्यावर घेऊनच गेल्या.

अटीप्रमाणे मी जिंकले! राजशेखरने विषय काढला नाही. आठ दिवसांनी मीच लिंबाजीला बोलावले. त्याने बंपरवर बोट फिरवले, बोटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहणे टाळले. "बाई, फळा लाकडाचा होता. लाकूड रंग पितंय. हे पीत न्हाई." आणि मी चौतीस वर्षे समजत होते की कसब माझे, सांभाळून घेत होता तो फळा.

मग ठरले असे. गाडी भंगारात द्यायची, कारण ती दिसली की मला तो खांदा दिसतो. परंतु पुढची दोन्ही आसने आणि स्टिअरिंग लिंबाजीने काढून आमच्या ओसरीत पक्के बसवायचे. राजशेखर म्हणाला, "हाव." लिंबाजीने मान डोलावली. राहिले हे. परवा साडेपाचला यांना त्या आसनावर बसवले, शेजारी मी बसले. यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. मग म्हणाले, "चल."

समोर भिंत आहे. पण निघतो आम्ही, रोज, वेळेवर.