सरकणारा सांधा

मोटारींच्या गोष्टी काढल्यात म्हणून सांगतो. जुन्नरला माझा एक दोस्त होता, धोंडू लोहार. बैलगाडीच्या चाकावर त्याने तापवून बसवलेली लोखंडी धाव कधी निखळली नाही. लढाईनंतर भंगारात आलेल्या लष्करी जीपचे तुकडे जमवून तो मोटार बांधत होता. मढ गावी त्याच्या बहिणीकडे आई आजारी पडली होती. तिला त्याच मोटारीतून जुन्नरच्या दवाखान्यात आणायचं, असा त्याचा हट्ट.

इंजिनाचा फेर मागच्या चाकांना नेणारा शाफ्ट दोन तुकड्यांचा होता, एकात एक सरकणारा. मी म्हणालो, "धोंडू, सरकतंय ते मुद्दाम ठेवलं असंल."

"ढिलं काम लोहाराला शोभत न्हाई, राव!"

आणि धावेसारखाच तो सांधा तापवून त्याने घट्ट बसवून टाकला.

मढला जाताना सावकाश गेलो, निभावलं. येताना आईला घेऊन घाई केली. ओढ्यातल्या खड्ड्यात मागची चाकं आदळून वर उसळली. शाफ्टला आत सरकायला जागाच नव्हती. तो मोडला.

मढहून बैलगाडी मागवली. धोंडू आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मान वर करीना.

वाटेत आईने विचारलं, "ह्या चाकाची धाव तुझ्याच हातची ना रं?"

"व्हय, आई."

"मग काय भ्या न्हाई. झोपते मी."

जुन्नर आलं, तरी ती उठली नाही.