न दचकणारी नात

…हे कासव नको, बाई, हे तुम्ही गेल्या खेपेला नेलंत. तुम्हाला पोरांनी कधीच न पाहिलेलं हवं ना — मला काय माहीत नाही होय? तान्ह्याच्या डोक्याला ती तारांची टोपी घालायची, नवं खेळणं पुढे धरायचं आणि मेंदू दचकतो का बघायचं. जनुकांतच खोट घेऊन आलेली पोरं, त्यांचा मेंदू पहिल्या वर्षात कसा वाढतो — शाळा माझी चौथीत सुटली, पण गिऱ्हाईक माल कशाला नेतं हे विचारल्याशिवाय मी पुडकं बांधत नाही. एक वकील खुळखुळे न्यायचे. पोरासाठी नाही — सासरे बोलायला लागले की हलवायचे म्हणे.

बसा हो, घाई कसली. आज एक गंमत सांगतो. तुमच्याकडे येते ना ती कुरळ्या केसांची, डावी मूठ मिटलेली — ती माझी नात, आमची ठकी. सूनबाई बोलली नसेल. खेळणीवाला सासरा काय मिरवायचा — असो. तर तुम्ही आठवडाभर आधी खेळणं सांगून ठेवता, मी त्याच्याच जोडीचा नग घरी नेतो आणि रोज ठकीपुढे नाचवतो. का म्हणजे? परकी खोली, डोक्याला तारा, त्यात अनोळखी वस्तू — भेदरेल की पोर. दचकली की नापास, एवढं न कळायला मी काय दूधखुळा आहे? त्या कासवाला पहिल्या दिवशी डोळे हे एवढे केलेन् तिने, मूठ सुटली, खिदळली — आठवड्याने बघते तर जांभई. म्हटलं, तयारी पक्की.

आणि तुम्ही काय सांगितलंत — नव्या वस्तूला मेंदू दाद देत नाही. खोट आहे ती आहे, बाई, रक्तात निघालीच आहे. पण तुमच्या त्या वाक्यावर सून दोन दिवस जेवली नाही. मी तिला म्हटलं, या शिकलेल्यांचं काय मनावर घेतेस, अगं, ते कासव तर ठकीला तोंडपाठ —

का हो, अशा का बघता?

…तोंडपाठ होतं. म्हणजे तिथे ती नुसती कंटाळली होती.

असं करा. मागच्या फळीवरून तुम्हीच काहीतरी काढा, मला दाखवू नका, पिशवीत घाला. आणि सूनबाईला — नको, ते मीच सांगतो. बोलणी मीच खातो. निघा तुम्ही. मला दुकान बंद करायचंय.