जावयाला लागलेली दृष्ट

धारगळच्या थांब्यावर पेडण्याची बस काही येईना, आणि योगिताच्या मागच्या बाकावर बसलेल्या दोघी शेजारणी काही गप्प बसेनात. सुमंगलाच्या पिशवीतून ताज्या कोळंबीचा वास येत होता.

"सुमंगला, जावय बरो आसा मां?"

"कसलो बरो, शेवंता! माझ्याकडे जेवलो की ओठ सुजतत, अंगभर गांधी उठतत. मागच्या खेपेक तर गळो दाटलो. कोणाचीतरी दीष्ट लागता गो."

"उतरवलंस?"

"मीठ-मिरच्या ओवाळून हात दुखले. पण सोमवारी इलो तर काय एक होत नाय. श्रावणभर तर ठणठणीत! महादेवच राखता त्याका."

"सोमवारी काय रांधतंस?"

"शिवराक. डाळ, भाजी."

"आणि बाकीचे दिवस?"

"जावयाक सुंगटां नकोत? आज पण येतलो, म्हणान तर घेतलंय ही पिशवीभर."

योगितानं मान न वळवता कान मागे नेले.

"सुमंगला, महादेव नाय, दीष्ट नाय. ही सुंगटांच! माझ्या भावाक अशीच बाधत. गळो दाटता म्हणजे खेळ नाय हां. आज त्याका डाळभात घाल आणि डॉक्टराकडे धाड."

"अगे बाये! आणि मी लग्नापासून शेजारणीच्या नावान मिरच्यो जाळतंय!"

"खंयच्या शेजारणीच्या?"

"उठ, उठ, बस इली!"

योगितानं रस्त्याकडे पाहिलं. लांबवर एक सायकलसुद्धा दिसत नव्हती.